घरचं भांडण आणि बाहेरचा मध्यस्थ: लहान देशांचं राजकारण कसं चालतं

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या तटबंदीच्या आत आहे, तो ठाण्याचा जुना किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला काबीज केला. एवढं आपण शाळेत वाचतो. ठाणं इंग्रजांना पचलं कसं, ही खरी गोष्ट मात्र मागे पडते.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांविरुद्ध बारभाई एकत्र आले. गादी हातची जाते आहे असं दिसताच रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला: तुम्ही मला फौज द्या, मी तुम्हाला साष्टी आणि वसई देतो. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा सगळा मुलूख. पुढे सात वर्षं लढाया झाल्या, वडगावला इंग्रजांची नाचक्कीही झाली. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथरावांना गादी मिळाली नाही. महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली.

तेव्हाची मराठी सत्ता लहान नव्हती, हे खरं. पण अशा व्यवहारांतूनच ती लहान होत गेली. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, तेव्हा पुण्यातल्या इंग्रजांच्या रेसिडेंट एल्फिन्स्टनने थेट पेशव्यांचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे मागितला आणि पेशव्यांना तो द्यावा लागला. त्रिंबकजींना ठेवलं ते याच ठाण्याच्या किल्ल्यात. १८१६ मध्ये ते तिथून निसटले, पण आपला कारभारी कोण असावा हे परक्या दरबाराचा माणूस ठरवतो, ही गोष्ट तोवर पक्की झाली होती.

नेपाळ, मालदीव, श्रीलंका, भूतान यांच्या बातम्या वाचताना मला हा किल्ला हटकून आठवतो. आपल्याकडे या देशांबद्दल एकाच चालीत बोललं जातं: अमुक देश ‘चीनच्या कच्छपी लागला’, तमुक ‘आपल्याकडे आला’. जणू दोन मोठे देश ओढताहेत आणि मधला निर्जीव दोर आहे. प्रत्यक्षात त्या लहान देशात निवडणूक असते, दोन-तीन गट असतात, जुनी वैरं असतात. प्रत्येक गट पाहत असतो की बाहेरच्या कुणाचा हात धरला तर घरातला प्रतिस्पर्धी चीत होईल. मोठा देश जेवढा आत घुसतो, तेवढाच त्याला आत बोलावलं जातं. म्हणून परराष्ट्र धोरणाची बातमी समजून घ्यायची तर आधी त्या देशातलं घरचं भांडण समजून घ्यावं लागतं.

दबाव आणायला सैन्य लागतच असं नाही. रस्ता, इंधन, कर्ज, पर्यटक, नोकऱ्या, एवढं पुरतं. भूतानचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये तिथे निवडणूक होती. आदल्या वर्षी पंतप्रधान जिग्मे थिनले ब्राझीलमधल्या एका परिषदेत चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते आणि दिल्लीला ते रुचलं नव्हतं. मे महिन्याच्या पहिल्या फेरीत थिनले यांचा पक्ष पुढे होता. १ जुलैपासून भारताने भूतानला जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं. कारण सांगितलं गेलं ते जुन्या योजनेची मुदत संपल्याचं. थिंफूत सिलिंडर एकदम महागला. १३ जुलैच्या अंतिम मतदानात विरोधी पक्षाने ४७ पैकी ३२ जागा जिंकल्या आणि थोड्याच दिवसांत अनुदान पुन्हा सुरू झालं. सिलिंडरमुळेच निकाल फिरला असं मी म्हणणार नाही. सत्ताधाऱ्यांवर नाराजी होतीच. पण विरोधकांना प्रचारात एक तयार वाक्य मिळालं: यांना शेजाऱ्याशी नीट वागता येत नाही, त्याची किंमत तुमच्या चुलीला मोजावी लागते आहे. बाहेरचा दबाव मतपेटीपर्यंत असा पोचतो. आधी तो घरखर्चात दिसतो, मग कुणीतरी त्याला राजकीय अर्थ देतो.

हाच दबाव नेमका उलटाही फिरतो. त्यासाठी नेपाळकडे जरा सावकाश पाहायला हवं.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन पश्चिम नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातले आहेत. आम्ही त्यांना दाजूच, म्हणजे दादा, म्हणतो. ठाण्यात त्यांची बरीच वर्षं गेली, मराठी उत्तम बोलतात, गणपतीत आरतीला उभे राहतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. घर मात्र तिकडेच, धनगढीजवळ.

२०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. वर्षानुवर्षं रखडलेली राज्यघटना त्या धक्क्यानंतर घाईने पूर्ण झाली आणि २० सप्टेंबरला लागू झाली. भारताला लागून असलेल्या तराईच्या सपाट पट्ट्यातल्या मधेशी आणि थारू समाजाला वाटलं की प्रांतांच्या सीमा आखताना आपल्याला डावललं. हे भांडण पूर्णपणे घरचं होतं आणि त्यात दम होता. कैलालीतल्या टीकापूरला ऑगस्टमध्येच पोलीस आणि एक लहानगं मूल असे बळी गेले होते. भारताचं म्हणणं होतं की मधेशींना सामावून घ्या. घटना जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी आपले परराष्ट्र सचिव काठमांडूला जाऊन आले. नेपाळी नेत्यांनी ऐकलं नाही. मग सीमेवरची मालवाहतूक थांबली. आंदोलक नाक्यावर बसलेत म्हणून ट्रक जात नाहीत, असं भारत सांगत राहिला. नेपाळमध्ये त्यावर जवळजवळ कुणीच विश्वास ठेवला नाही. जे नाके आंदोलकांनी अडवलेले नव्हते, तिथूनही माल पुरेसा जात नव्हता.

दाजू सांगतात ते त्या हिवाळ्याचं. गॅस नाही, म्हणून घरी लाकडावर स्वयंपाक. धनगढीच्या बसच्या टपावर माणसं. भारताकडच्या गौरीफंट्याच्या बाजूने सायकलवरून पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल यायचं आणि दुप्पट-तिप्पट भावाने विकलं जायचं. पगार ते ठाण्यातून पाठवत होते, पण तिकडे पैसे असूनही वस्तू नव्हती. त्यांचं घर वडिलांपासून नेपाळी काँग्रेसचं. दोन वर्षांनी निवडणूक आली तेव्हा त्यांनी इथून बायकोला फोन करून सांगितलं, सूर्यावर ठप्पा मार. सूर्य म्हणजे के. पी. ओलींच्या पक्षाची खूण. भारतात राहून, भारतात कमावून, भारताशी उघड भांडणाऱ्या नेत्याला मत. मी कारण विचारलं तर म्हणाले, “पोरांना थंडीत चुलीपुढे बसवलं ना त्यांनी. कुणी तरी तोंडावर बोलायला पाहिजे होतं.”

नाक दाबलं की तोंड उघडतं, असा आपला हिशेब होता. तोंड उघडलं, पण त्यातून आपल्याला हवं ते निघालं नाही. घटनेत किरकोळ दुरुस्ती झाली, फेब्रुवारी २०१६ मध्ये नाके मोकळे झाले, आणि मधेशींची मूळ मागणी बरीचशी तशीच राहिली. उलट, त्यांच्यावर ‘भारताची माणसं’ असा शिक्का बसला. त्यांची न्याय्य तक्रारही काठमांडूत परकी ठरली. बाहेरच्याने एका गटाची बाजू घेतली की त्या गटाचं नुकसान होतं, ते असं.

फायदा झाला ओलींचा. हे तेच ओली, जे महाकाली नदीच्या पाण्यावरच्या १९९६ च्या कराराच्या वेळी भारताशी जुळवून घेणाऱ्यांत मोडायचे. त्यापायी त्यांच्या पक्षात फूटही पडली होती. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांनी मार्च २०१६ मध्ये चीनशी वाहतूक करार केला. २०१७ च्या निवडणुकीत डाव्या आघाडीने २७५ पैकी १७४ जागा घेतल्या. २०२० मध्ये लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा नेपाळच्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा संसदेत आला, तेव्हा विरोधात मत द्यायची कुणाची छाती झाली नाही. त्या वेळी ओलींच्या स्वतःच्या पक्षात त्यांना खाली खेचायची खटपट चालू होती, हे विसरून तो नकाशा समजत नाही.

चीनची कथाही काही वेगळी झाली नाही. ओलींचा आणि प्रचंड यांचा अशा दोन कम्युनिस्ट पक्षांचं विलीनीकरण टिकावं म्हणून २०२० मध्ये चीनच्या राजदूत काठमांडूत नेत्यांच्या घरी फेऱ्या मारत होत्या. डिसेंबरात ओलींनी संसद बरखास्त केली, मग बीजिंगहून शिष्टमंडळही आलं, तरी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणच रद्द ठरवलं. दोन नेत्यांचा एकमेकांवरचा राग दोन्ही महासत्तांना आवरला नाही. आणि याच ओलींनी २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही भारतातून येणारी तेलवाहिनी आनंदाने सुरू केली होती. सभेत एक आणि कारभारात दुसरं, याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. तीन बाजूंनी भारत आणि चौथ्या बाजूला हिमालय असलेल्या देशाच्या पंतप्रधानाला मतदाराचा अभिमानही सांभाळायचा असतो आणि पेट्रोलही आणायचं असतं.

मालदीवमध्ये हे चक्र अजून वेगाने फिरतं. पाच लाखांच्या आसपास वस्तीचा देश; नवी मुंबईच्या निम्मीही लोकसंख्या नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात भाडोत्री सैनिकांनी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष गयूम यांच्या हाकेवर भारतीय छत्रीधारी सैनिक काही तासांत पोचले आणि गयूम यांची सत्ता वाचली. त्या मदतीची आठवण सगळ्यांच्या मनात एकसारखी नाही. गयूम यांच्या विरोधकांच्या नजरेतून पाहिलं, तर शेजाऱ्याने एका दीर्घकाळच्या सत्ताधीशाला वाचवलं.

पुढे पक्ष आले, निवडणुका आल्या आणि प्रत्येक सरकार आधीच्या सरकारचा परदेशी मित्र बदलू लागलं. राष्ट्राध्यक्ष नशीद यांच्या काळात भारतीय कंपनीला मिळालेलं विमानतळाचं कंत्राट २०१२ मध्ये पुढच्या सरकारने रद्द केलं. नंतर लवादाने कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यायला लावली. यामीन चीनकडे वळले, माले आणि विमानतळ जोडणारा पूल झाला. सोलिह यांनी भारताला पहिलं स्थान दिलं. मग विरोधकांना ‘इंडिया आउट’ ही घोषणा सापडली, कारण सोलिह यांना झोडपायला तेच हत्यार सोयीचं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात विरोधकांचे मुइझ्झू ५४ टक्के मतांनी निवडून आले. वाद ज्या भारतीय जवानांवरून पेटला होता, ते शंभरही नव्हते. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान चालवायचे, त्यांतून बेटांवरचे आजारी लोक मालेला आणले जायचे. मे २०२४ पर्यंत ते परतले आणि त्यांच्या जागी भारताचेच बिगरलष्करी तंत्रज्ञ आले. घोषणा पूर्ण झाली, सेवाही चालू राहिली.

त्या जानेवारीत आपल्याकडे मालदीवच्या सहली रद्द करायची लाट आली होती. ठाण्यातल्या टूरवाल्यांकडेही लोक बुकिंग लक्षद्वीपला फिरवता येईल का विचारत होते. मुइझ्झूंना तिजोरीत डॉलर कमी पडायला लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार घेऊन गेले. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला भारताचे पंतप्रधान पाहुणे होते. आपल्या वाहिन्यांनी याला माघार म्हटलं. माझ्या मते मुइझ्झूंच्या बाजूने हा हिशेब सरळ होता. निवडणूक आणि नंतरची संसद जिंकेपर्यंत घोषणा उपयोगी होती. एप्रिल २०२४ मध्ये संसदेत दणदणीत बहुमत मिळालं आणि तिची गरज संपली.

श्रीलंकेबद्दलचा एक समज मात्र खोडून काढायलाच हवा. ‘कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने हंबनटोटा बंदर घेतलं’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा बोललं गेलंय की ते खरंच वाटतं. बंदर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात आहे आणि तिथे बंदर व्हावं ही मूळ हौस कोलंबोची होती. २०१५ मध्ये सिरिसेना निवडून आले ते चिनी प्रकल्पांवर टीका करून. त्यांच्याच सरकारने २०१७ मध्ये हे बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं आणि १.१२ अब्ज डॉलर घेतले. त्या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं नाही, ते तसंच राहिलं. डॉलरची गंगाजळी भरायला तो पैसा हवा होता, कारण आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचे हप्ते डोक्यावर होते. श्रीलंकेच्या परकीय कर्जात मोठा हिस्सा या रोख्यांचा होता, चीनचा त्याहून लहान.

मग २०१९ च्या अखेरीस गोताबाया राजपक्षे यांनी मते राखायला व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका रात्रीत बंद केली, कोविडने पर्यटन बसवलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं. यातलं किती बीजिंगने केलं? फार थोडं. कर्ज देणाऱ्याची जबाबदारी असते, चीनचे करार पारदर्शक नव्हते, हे मान्य. पण निर्णय कोलंबोत झाले, आणि ज्यांनी ते घेतले त्यांना बाहेरच्या सापळ्याची गोष्ट सोयीची पडते.

काही वेळा बाहेरून फार काही करावं लागत नाही. फिनलंडमध्ये १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती. विरोधकांनी राष्ट्राध्यक्ष केकोनेन यांच्याविरुद्ध होंका नावाचा सामाईक उमेदवार उभा केला होता. ऑक्टोबरात सोव्हिएत संघाचा एक खलिता आला: लष्करी सल्लामसलत करूया. होंका यांनी देशहितासाठी माघार घेतली, आणि केकोनेन सायबेरियात जाऊन ख्रुश्चेव्हना भेटले, प्रकरण मिटवून आले. केकोनेन १९५६ ते १९८१ सत्तेत होते. १९७३ मध्ये तर निवडणूक न घेता खास कायद्याने त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली गेली. ‘मॉस्कोशी मीच बोलू शकतो’ ही त्यांची घरातली ताकद. वर्तमानपत्रं, प्रकाशक स्वतःहून जपून लिहायचे. फिनलंडचं स्वातंत्र्य आणि संसद टिकली, ही मोठी गोष्ट आहे. पण शेजाऱ्याची भीती एका माणसाचं भांडवल झाली, हीही त्याचीच दुसरी बाजू.

मग लहान देशाने करावं तरी काय? न्हावा शेवा बंदरातलं एक मोठं कंटेनर टर्मिनल सिंगापूरची पीएसए ही कंपनी चालवते. तिची मालकी सरकारी गुंतवणूक कंपनीकडे, म्हणजे अखेर सिंगापूर सरकारकडे आहे. १९६५ मध्ये मलेशियातून वेगळा पडलेला, प्यायचं पाणीही शेजाऱ्याकडून घेणारा देश आज उरणच्या किनाऱ्यावर आपला माल चढवतो-उतरवतो. सिंगापूरच्या धोरणातल्या दोन गोष्टी मला फार शिकवतात.

पहिली १९६८ ची. इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी १९६५ मध्ये सिंगापुरात बॉम्बस्फोट घडवला होता, तीन जण गेले. न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. इंडोनेशियाचे सुहार्तो यांनी स्वतः दयेची विनंती केली. लोकसंख्येने सिंगापूरच्या कित्येक पट मोठा शेजारी, आणि सिंगापूरकडे तेव्हा नावापुरतं सैन्य. तरी फाशी झाली. जकार्तात सिंगापूरच्या वकिलातीची मोडतोड झाली. १९७३ मध्ये ली क्वान यू जकार्ताला गेले आणि त्या दोघांच्या कबरीवर त्यांनी फुलं वाहिली. निकाल बदलला नाही, पण समोरच्याचा मानही राखला.

दुसरी चीनबाबतची. सिंगापूरचे सुमारे तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे. आपण चीनचे हस्तक आहोत असं शेजाऱ्यांना वाटू नये म्हणून त्यांनी ठरवलं की साम्यवादी चीनशी राजनैतिक संबंध इंडोनेशियाने जोडल्यानंतरच आपण जोडायचे. इंडोनेशियाने ऑगस्ट १९९० मध्ये जोडले, सिंगापूरने ऑक्टोबरमध्ये. त्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाला सुविधा देण्याचा करारही केला. हे जमलं कारण परराष्ट्र धोरण तिथे निवडणुकीतलं हत्यार झालं नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ते हत्यार झालं नाही, कारण निवडणुकीत तुल्यबळ विरोधकच नव्हता. एकच पक्ष सलग सत्तेत आहे. २०२१ मध्ये सिंगापूरने परकीय हस्तक्षेप रोखण्याचा कायदा केला आणि त्यातल्या सरकारी अधिकारांवर तिथल्याच लोकांनी काळजी व्यक्त केली. ती काळजी रास्त आहे. रशियाशेजारच्या जॉर्जियात २०२४ मध्ये काय झालं पाहा: ज्या संस्थांना २० टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून येतो, त्यांनी ‘परकीय सत्तेचं हित पाहणारी संस्था’ अशी नोंद करावी, असा कायदा संसदेने केला. रस्त्यावर हजारो लोक उतरले. त्यांना दिसत होतं की रोख मॉस्कोकडे नाही, तर सरकारला प्रश्न विचारणाऱ्या आपल्याच संस्थांकडे, निवडणुकीवर नजर ठेवणाऱ्यांकडे, छोट्या वृत्तसंस्थांकडे आहे. काही महिन्यांत त्याच सरकारने युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी २०२८ पर्यंत लांबणीवर टाकली.

बाहेरच्याला बोलावून घरातला हिशेब चुकता करणारे असतात, तसे बाहेरच्याचं नाव घेऊन तोच हिशेब चुकता करणारेही असतात. काठमांडूत विरोधकाला झोपवायचं असेल तर त्याला ‘लेंडुप’ म्हणतात. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात विलीन झालं तेव्हाचे तिथले मुख्यमंत्री काझी लेंडुप दोर्जी यांच्या नावावरून. जो मधेशी पुढारी प्रांताची सीमा बदला म्हणतो, त्याच्यावरही हाच शब्द फेकला जातो आणि त्याची मागणी काय होती हे ऐकायला मग कुणी थांबत नाही.